बुडखा डोक्याकडं

खडकवस्तीत कुणी मेलं की पहिला निरोप सोमाजीकडं जायचा, आणि निरोप घेऊन जायला कुणी चटकन तयार व्हायचं नाही. मेलेल्याचं दुःख वेगळं, सोमाजीच्या तोंडाचं भय वेगळं. "मेला का? बरं झालं. जिवंतपणी कवा सरळ चालला न्हाई, आता चौघं मिळून सरळ नेतील." एवढं बोलून तो खुंटीवरचा कोयता काढायचा, सुंभाचं भेंडोळं काखेत मारायचा आणि निरोप आणणाऱ्याच्याही पुढं तरातरा चालायला लागायचा. तोंड तसं आणि पाय असे. आता माणसानं ह्यातल्या कशाकशावर विश्वास ठेवायचा, सांगा.

राजुरीच्या पुढं, ओढ्याच्या अलीकडं ही वस्ती. थोडी घरं शेतकऱ्यांची, थोडी धनगरांची. सोमाजी धनगराचा. आजानं मेंढ्या राखल्या, बापानं राखल्या. सोमाजी मात्र एसटीच्या डेपोत फिटर म्हणून चिकटला तो तिथूनच रिटायर झाला. पण बापाचा एक नाद त्याच्या अंगात उतरला होता. मेंढरं चरायला सोडून बाप बाभळीखाली बसायचा आणि चाकूनं ताकाच्या रव्या कोरायचा, काठ्या तासायचा. सोमाजीचंही तेच. दिवसभर डेपोत लोखंडाशी झटापट करून घरी आला की चहाच्या आधी त्याला लाकूड लागायचं. गोठ्याच्या शेजारी पत्र्याचं एक छप्पर, तिथं वाकस, रंधा, पटाशी, करवत, आणि कमरेएवढा भुशाचा ढीग. बायको भिमाबाई म्हणायची, "माझ्या सवतीला आंघोळ लागत न्हाई, कापड लागत न्हाई, लई नशीबवान हाय."

त्या छपरातून वस्तीला दोन गोष्टी फुकट मिळायच्या. कुणाचं लग्न ठरलं की जुन्या सागाच्या फळीचे दोन पाट, कडेनं वेल कोरलेले. नवरा-नवरी त्यावर हळदीला बसायची, होमाला बसायची, पुढं जन्मभर त्यावर जेवायची. आणि कुणाचं मयत झालं की तिरडी. घरटी एक तरी पाट सोमाजीचा आणि घरटी एक तरी माणूस सोमाजीच्या तिरडीवरनं गेलेला. मोबदला म्हणून नारळसुद्धा घ्यायचा नाही. फक्त ऐकून घ्यावं लागायचं. पाट देताना म्हणायचा, "ह्याला वल लागू दिलीस तर तुझ्या टकुऱ्यात घालीन." लग्नाच्या घरी ही भाषा!

लाकडाच्या बाबतीत हे बेणं असं होतं. डेपोची मंडळी एकदा आहुप्याला सहलीला गेली. तिथल्या देवराईत काडी मोडायची नाही, हा दंडक. बाकीची मंडळी पोहे खात बसली आणि हा दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून दिवसभर झाडं बघत हिंडला. कुणीतरी विचारलं, कंबर धरली का? तर म्हणाला, "माझा माझ्या हातावर इस्वास न्हाई."

आता सयाजीचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. सयाजी बागायतदार, वस्तीतली निम्मी जमीन त्याच्या घराची. दोघं राजुरीच्या शाळेत एका बाकावर बसले आणि त्या बाकापासून भांडत आले. सोम्या आणि सया. सयाजीच्या बांधावर बांबूचं बेट होतं, आणि अख्ख्या शिवारात सरळ बांबू फक्त त्याच बेटात. तिरडीसाठी सोमाजी तिथनं न विचारता तोडायचा, आणि सयाजी त्याला न चुकता शिव्या द्यायचा. तोंडानं कितीही दिल्या तरी बेटाला कुंपण मात्र कधी घातलं नाही.

सयाजीची आई बयाबाई. पार पिकलेलं पान. सोमाजी बांबू तोडायला आला की ही दारात बसून हाक मारायची. "सोमा, आज कुनाचा नंबर?" मग हसायची, बोळक्या तोंडानं. "माझी तिरडी तूच बांधायची बरं का लेकरा. ह्या सयाच्या माणसास्नी काय जमनार न्हाई. मला पाडतील ती." सोमाजी म्हणायचा, "म्हातारे, तू काय मरत न्हाईस. पर मेलीस तर मीच बांधणार, जा." हे बोलणं वस्तीतल्या साऱ्यांनी ऐकलेलं.

बांधायची रीत सोमाजीनं कुणाला शिकवली नाही. शिकवली नाही म्हणजे शिकू दिली नाही. सयाजीच्या मळ्यातला गडी भरत एकदा मदतीला बसला, तर सोमाजी भरल्या मयतात ओरडला, "म्हस बांधतोस का माणूस? व्हय बाजूला!" शेजारचा भगवंत, डेअरीवर दूध मोजणारा, अगदी गरीब माणूस, त्यानं नुसतं सुंभ भिजवून दिलं तर त्याचाही बाप काढला. हळूहळू सगळे लांब उभं राहायला शिकले. सोमाजी एकटा उकिडवा बसायचा, बडबडत बांधायचा, आणि मनातून खूश असायचा. आपल्याशिवाय ह्या वस्तीचं पान हलत नाही, ह्याचा त्याला माज होता. माजच म्हणायचा त्याला, दुसरा शब्द नाही.

सयाजीच्या पोरीचं, श्रेयाचं, लग्न निघालं. मोठं कार्यालय, फुलांची कमान, नवरा-नवरीला राजाराणीच्या खुर्च्या. सोमाजीनं महिनाभर खपून दोन पाट केले होते, वेलीत मोर कोरले होते. असे त्यानं स्वतःच्या पोरीच्या, सुप्रियाच्या लग्नातही केले नव्हते. अक्षता पडल्या, जेवणाची पंगत बसली, आणि सोमाजी तंबाखू थुंकायला म्हणून मागच्या बाजूला गेला. तिथं उतारावर जनरेटरची गाडी उभी. आणि गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकाखाली दिलेला त्याचा पाट. चाक मोरावर होतं. मोराची मान तुटून चिखलात पडली होती.

डेकोरेशनवाल्याच्या कुणा गड्याचं काम. हाताला लागलं ते चाकाखाली सारलं. सयाजीला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. एवढं सोमाजीला कळत नव्हतं का? कळत होतं की! पण कळून उपयोग काय, डोकं फिरलं होतं. तुटलेली मान मुठीत धरून तो थेट स्टेजवर चढला.

"सया, तुझ्या घरी माझ्या लाकडाची ही किंमत? आजपासनं तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई. तुझ्या घरची तिरडी कुत्र्यानं बांधावी, मी बांधणार न्हाई!"

मांडवात तिरडीचं नाव. पोरीच्या केसातल्या अक्षता अजून निघाल्या नव्हत्या. पहिल्या रांगेत बयाबाई बसली होती, ती चाचपडत उठली. "सोमा, लेकरा, आज असलं बोलू न्हाई." सयाजीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "माझ्या पोरीच्या मांडवात तिरडी काढलीस? चालता हो इथनं. चालता हो, न्हाईतर जोड्यानं मारीन."

शब्द सुटला त्याच क्षणी सोमाजीला कळलं होतं की हे चुकलं. पण माघार घेणं त्याच्या बापजाद्यात कुणाला जमलं नव्हतं, त्याला कुठनं जमणार? तो निघून आला. भिमाबाई न जेवता मागनं आली.

भाद्रपदात, बैलपोळा होऊन गेल्यावर, बयाबाई गेली. शेवटचे काही दिवस भिमाबाई तिच्या उशाशी बसून होती. नवऱ्यांचं वैर बायकांनी पाळायचं नसतं, असं तिचं म्हणणं. सकाळीच रडण्याचा आवाज आला आणि सोमाजीला समजलं. त्यानं कोयता काढला, सुंभ काढलं, आणि छपरात बसून राहिला. कुणीतरी बोलवायला येईल. आलं की दोन शिव्या घालू आणि जाऊ. त्याचं मन आधीच सयाजीच्या बेटात बांबू निवडत होतं. तिकडं सयाजी दारात उभा राहून वाट बघत होता. लग्नाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही. जित्या माणसाला हे सांगावं लागतं होय? तो आपणहून आला तर ठीक, मी निरोप धाडणार नाही. इकडं हा हटून बसलेला, तिकडं तो अडून उभा, आणि मधे म्हातारी ताटकळलेली.

उन्हं चढली. सोमाजीनं रंधा उचलला आणि एक बिनकामाची फळी रंधायला घेतली. रंध्याच्या आवाजात रडणं ऐकू येईना, म्हणून तो आणखी जोरात मारायला लागला.

दुपारी भिमाबाई आली, डोक्यावरनं पाणी घेतलं, आणि ओल्या लुगड्यानंच छपराच्या तोंडाशी उभी राहिली.

"म्हातारी खाली आली."

सोमाजीचा हात थांबला. "खाली म्हंजी?"

"वढ्याच्या उतारावर. भरतनं बांधली व्हती. बांबू डोक्याकडं कडकन मोडला, दोरी सुटली, आन ती मातीला टेकली. माणसांनी कवळ्यात धरून नेली तिला."

"शेंडा डोक्याकडं घातला असंल गाढवांनी. आन दोरी नायलॉनची असंल."

"तुमी कुठं व्हता?"

सोमाजीनं रंधा परत फळीवर टेकवला.

"तिला सबुद दिला व्हता ना तुमी?" भिमाबाईचा आवाज चढला. "मोराची मान मोडली म्हणून म्हातारीला मातीत घातलं. आन माझ्या टायमाला काय करणार? ज्याच्या घरी मयत त्यानं बांबूला शिवायचं नसतं. तुमाला हात लावता यायचा न्हाई, आन दुसऱ्या कुनाला तुमी शिकू दिलं न्हाई. मला काय बैलगाडीत घालून नेणार?"

"तू कशाला मरतीस? यमाला बी दोन भाकरी वाढून परत लावशील."

तो हसला, ती हसली नाही. त्या दिवसापासनं ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

तेरावा झाल्यावर सयाजी पारावर भेटला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माझी आई मातीला टेकली, सोम्या. हे मी इसरणार न्हाई. इथनं पुढं माझ्या बेटातली काडी जरी तोडलीस तर हात तोडीन."

"थुंकतो तुझ्या बेटावर," सोमाजी म्हणाला, आणि खरोखर थुंकला. मग घरी आला आणि संध्याकाळी जेवला नाही.

बेटाला काटेरी तार लागली. कुणाचं मयत झालं की सोमाजी नारायणगावच्या वखारीतनं बांबू आणायचा, वाळलेले, वाकडे, आणि ते वाकवता वाकवता सयाजीच्या सात पिढ्या उद्धरायचा. लोक ऐकून घ्यायचे, पण आता कुणी हसत नव्हतं. काही घरांनी तर त्याला सांगणंच सोडून दिलं. ज्यानं बयाबाईला पाडलं तो आपल्याला काय सांगणार, असं बाया बोलायच्या. पाडलं भरतनं, नाव सोमाजीचं झालं. आणि खोटं तरी काय होतं त्यात?

माघात, सकाळच्या पारी, भिमाबाई चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून सोमाजी ओरडत आत गेला, "अगं झोपलीस का काय?" आणि ओरडणं तिथंच राहिलं.

दिवस चढेपर्यंत पोरगा गोरक्ष चाकणच्या कंपनीतनं आला, सुप्रिया मंचरहून आली. भावकी मात्र नव्हती. दिवाळीनंतर भावकी मेंढ्या घेऊन कोकणात उतरलेली. फोन लागला तरी घाट चढून येणार कधी? गोरक्षला आगीचं मडकं धरायचं, त्यालाही बांबूला हात लावता येत नव्हता. अंगणात वस्तीची माणसं उभी होती. भगवंत वखारीतनं बांबू घेऊन आला होता. बांबू जमिनीवर, सुंभाचं भेंडोळं त्याच्या हातात, आणि माणूस जागचा हलेना. एकदा खाली बसला, परत उठला. सोमाजीकडं बघितलं, परत बांबूकडं बघितलं.  समोर मयत आहे म्हणून अडला नव्हता. सोमाजी बघतो आहे म्हणून अडला होता.

"सोमादादा, कसं करू? तुमी... तुमी ओरडू नका म्हंजी झालं."

ओट्यावर बसलेल्या सोमाजीनं ते ऐकलं. आत सुप्रिया आईचे केस विंचरत होती. एवढी माणसं अंगणात, आणि त्याच्या भिमीला न्यायला दोन बांबू बांधता येतील असा एक माणूस नाही. सगळ्यांना त्यानंच हाकललेलं, एकेकाला नाव घेऊन. तो नुसता मान हलवत राहिला.

तेवढ्यात सयाजी आला. खांद्यावर दोन हिरवे बांबू, नुकते तोडलेले, सरळ. हातावर काटेरी तारेचे ओरखडे. स्वतःच लावलेली तार सोडायलाही थांबला नव्हता. अंगणात येऊन त्यानं बांबू धाडकन टाकले. माणसं बाजूला झाली.

"तुझ्यासाठी आलो न्हाई," तो सोमाजीकडं न बघता म्हणाला. "भिमावैनी माझ्या आईच्या उशाला बसली व्हती. तिच्यासाठी आलोय."

उकिडवा बसला. बांबूचे फाटे छाटले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. एकाचा बुडखा डोक्याकडं, दुसऱ्याचा पायाकडं. आडव्या कामट्या टाकायला लागला. सोमाजी ओट्यावरनं उठला.  तो चालत पुढं आला, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरलेले.

"सया, त्यो दुसरा फिरव."

"का?"

"बुडखा डोक्याकडं घ्यायचा. दोन्हीचा. माणसाचं वजन छातीकडं असतं, शेंड्याला पेलत न्हाई. तिथंच मोडतो."

सयाजीचा हात बांबूवर थांबला. मग त्यानं मान वर केली.

"आईच्या टायमाला ही जीभ कुठं व्हती रं?"

भगवंत दोन पावलं मागं सरला.

"मी इचारतो तुला. एवढीच गोष्ट व्हती ना? बांबू फिरवायची? दारातनं वरडून सांगितलं असतंस तरी झालं असतं. कुठं व्हतास?"

"छपरात," सोमाजी म्हणाला. "रंधा मारत बसलो व्हतो. कुणी बोलवायला येतंय का बघत व्हतो."

"मयताला बोलवणं लागतं व्हय?"

"न्हाई लागत."

 आता उठून सयाजी दोन कानाखाली वाजवतो असं भगवंताला वाटलं, आणि वाजवल्या असत्या तर कुणी आडवं आलं नसतं. पण सयाजीनं खाली बघितलं आणि बांबू फिरवला.

मग सोमाजीनं उभ्या उभ्या सारं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. सुंभ भिजव, कोरडं घसरतं. कामटी खालनं घे. आता पीळ दे, अजून दे. भगवंता, तू तिकडलं टोक धर, धर की लेका, मी काय खातोय का तुला? भरत, कडबा पसर, जाड नको. सांगता सांगता जीभ सवयीवर गेलीच.

"म्हस बांधतोस का माणूस? आवळ!"

"तोंड सांभाळ," सयाजी खाली मान घालून म्हणाला, "न्हाईतर हितंच टाकून जाईन."

"जा."

"न्हाई जात. तुझ्या सांगण्यावरनं आलो व्हतो का जायला?"

भिमाबाईला ठेवलं. पुढचा उजवा खांदा सयाजीनं दिला. ओढ्याच्या उतारावर सोमाजीचं लक्ष ना रडण्याकडं होतं, ना मडक्याकडं. तो फक्त त्या दोन बांबूंकडं बघत चालला होता, श्वास धरून. बांबू करकरले, थोडे वाकले, आणि तसेच पार झाले. पलीकडच्या काठावर आल्यावर सोमाजी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. गोरक्षनं त्याला काखेत हात घालून उठवलं.

अग्नी दिला, मंडळी ओढ्यात उतरली. सोमाजी एका दगडावर बसून पायावर पाणी घेत होता. सयाजी शेजारच्या दगडावर आला, हातावरचे ओरखडे धुतले. दोघंही पाण्याकडं बघत होते.

"आता शिकलो मी," सयाजी म्हणाला. "तुझी बी मीच बांधणार. बेटातलं दोन बांबू आजच हेरून ठेवल्यात."

सोमाजीनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "शेंडा डोक्याकडं घातलास, तर तिरडीवरनं उठून आईवरनं शिव्या देईन."

"दे," सयाजी म्हणाला, आणि ओलं धोतर पिळत चढण चढून गेला.